इतर (नमूद करा)

अर्जात यादी उघडते, खाली खाली सरकते:
वास्तुकला, स्थापत्य, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र.
पाली नाही.
तळाशी, सगळ्यांच्या शेवटी, 'इतर'.
मी त्यावर बोट ठेवते
तर एक रिकामी चौकट पुढे येते: नमूद करा.
वीस अक्षरांत.

हुमणे मॅडमनी शिफारसपत्रात लिहिलं,
ही मुलगी धातुरूपं चुकत नाही.
आणखी काय लिहू गं, म्हणाल्या,
नगररचना म्हटलं की मला तर
घरपट्टीच्या रांगेवरचा बंद पंखाच आठवतो.

आई तांदूळ निवडताना विचारते,
"तुले काहून पायजे ते? शहर बांधाले जासीन का?"
मी सांगते, आपलं हे गाव
कोणीतरी असंच शिकून आखलं ना.
"त," ती खडा बाजूला टाकते,
"धड शिकला नसन."

नवं गाव, प्लॉट क्रमांक एकशे सतरा.
जुनं धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी सातवीत.
नकाशा पाहिलाय मी, तलाठी ऑफिसात,
निळ्या शाईचा, घडीवर फाटलेला. सुंदर आहे.
रस्ते सरळ, चौक काटकोनी,
बाजाराला जागा, बागेला जागा,
आणि धीवरांची बत्तीस घरं
नदीपासून सगळ्यात लांबच्या ओळीत,
कारण ओळी घरटॅक्सच्या पावत्यांवरून लावल्या
आणि आमच्या पावत्या उशिरा सापडल्या.

बाबा सायकलला जाळं बांधून चार किलोमीटर जातात.
ओल्या जाळ्याला नकाशात रंग नाही.
ते वाळतं समाजमंदिराच्या कठड्यावर,
पंधरा ऑगस्टला तेवढं काढायला लावतात.
बाजार भरतो ट्रान्सफॉर्मरजवळच्या बोरीखाली.
बाजाराच्या जागी सिमेंटचे पंधरा ओटे आहेत,
प्रत्येकाला नंबर, आणि पोरांचं क्रिकेट.

हे सगळं उद्देशपत्रात लिहिलं, मग खोडलं.
तक्रारीसारखं वाटत होतं,
आणि तक्रार तर आम्ही केलेलीच आहे,
तीन प्रतींत.

तेव्हा लेड्डुपात आठवला.
एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला भेटलेला शब्द.
जुन्या लोकांनी हद्द अशी ठरवली:
कुंपण नसलेल्या गावात, शेवटच्या घरापाशी
मध्यम ताकदीचा माणूस उभा करा,
त्याला ढेकूळ फेकू द्या.
पडेल तिथवर गाव. पुढे रान.
परीक्षेत पाच गुणांची टीप आली होती यावर.
लिहून आले मी.
शेवटचं घर कोणाचं, ते विचारलं नाही.

चौकटीत 'पाली' लिहून ठेवलं.
अठरा अक्षरं उरली.

संध्याकाळी बाबांना म्हटलं, एक ढेकूळ फेका.
कशाला, असं त्यांनी विचारलं नाही.
शेवटच्या प्लॉटच्या दगडापाशी उभे राहिले,
बांधीतलं एक ढेकूळ उचलून जोखलं,
खांदा मागे नेला, जाळं टाकताना नेतात तसा.
मध्यम ताकदीचा माणूस म्हणून ते चालणार नाहीत खरं तर,
बावीस वर्षांची नदी आहे त्या खांद्यात.
पण दुसरा कोणी रिकामा नव्हता.

मी पावलं मोजत गेले. एक्कावन्न.
नकाशात इथं नुसता पांढरा कागद आहे.
इथं लताकाकूची शेळी बांधलेली,
आईनं रचलेल्या तुराट्या,
कोणाची तरी हिरवी चप्पल, एकच,
आणि एक तिरपी पायवाट नदीकडे निघालेली.
ढेकूळ तिच्यावर फुटून पडलं होतं.

मी खाली बसले. माती अजून थोडी ओली होती.
मागून, लांबून, बाबांचा आवाज आला:
"पुरे का व?
का अजून दूर फेकू?"